जुना लेथ घरी आणताना: पारख, उघडणी आणि जुळणी

लेथ म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो टूलने, म्हणजे धारदार हत्याराने, कातण्याचं यंत्र. जुना लेथ घेणारे साधारण दोन प्रकारचे असतात. एकाला त्याच्यावर जॉब, म्हणजे कातायचे तुकडे, करायचे असतात. दुसऱ्याला लेथ खोलून, घासूनपुसून पुन्हा जोडण्यातच खरी मजा येते. दोन्ही छंद छान, पण आपण कोणत्या गटातले हे खरेदीच्या आधी ठरवलेलं बरं. पहिल्या गटातल्या माणसाने खोक्यांत भरलेला, सुटा केलेला लेथ कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. दुसऱ्याने घेतला तर त्याची हौस.

दोघांसाठीही क्रम मात्र एकच: आधी मोजा, मग चालवा, मग लागेल तेवढंच उघडा आणि रंगाचा डबा सर्वांत शेवटी हातात घ्या. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. आल्या दिवशी सगळं सुटं होतं, चार महिने रंगरंगोटी चालते आणि स्पिंडलचं, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलेलं आहे हे शेवटी कळतं.

कोणता लेथ बघायचा

आकार सांगण्याच्या दोन पद्धती आहेत आणि नवखा माणूस त्यात हमखास गोंधळतो. ब्रिटिश लेथची सेंटर हाइट सांगतात, म्हणजे बेडपासून (लेथच्या लांब ओतीव पायापासून) स्पिंडलच्या मध्यापर्यंतची उंची. अमेरिकन लेथचा स्विंग सांगतात, म्हणजे बेडवर फिरू शकेल असा जास्तीत जास्त व्यास. त्यामुळे साडेतीन इंची ब्रिटिश मायफर्ड आणि सात इंची स्विंगचा लेथ एकाच मापाचे, आणि नऊ इंची अमेरिकन साउथ बेंड त्यांच्यापेक्षा मोठा. क्रॉस स्लाइडवरून, म्हणजे टूल आडवं सरकवणाऱ्या भागावरून, फिरणारा व्यास यापेक्षा बराच कमी असतो, आणि लांब जॉबसाठी तोच आकडा उपयोगाचा.

घरच्या कामासाठी वर्षानुवर्षं टिकून राहिलेली नावं थोडीच आहेत. 1906 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सुरू झालेल्या साउथ बेंड कंपनीचा नऊ इंची लेथ तीन मॉडेलमध्ये मिळे: ए मध्ये गिअर बॉक्स आणि ऑटो क्रॉस फीड (टूल आपोआप आडवं सरकणं), बी मध्ये क्रॉस फीड आहे पण आट्यांसाठी चेंज गिअर हाताने बदलायचे, आणि सी मध्ये दोन्ही नाहीत. इंग्लंडच्या बॉक्सफर्डची सुरुवातीची रचना याच साउथ बेंडवर बेतलेली. मायफर्डचा एमएल-7 हा 1946 पासूनचा; त्याच्या स्पिंडलला व्हाइट मेटलची (मऊ पांढऱ्या मिश्रधातूची) बेअरिंग. नंतरच्या सुपर 7 मध्ये पुढे टेपर, म्हणजे निमुळतं, ब्राँझ बुश (नळीसारखं साधं बेअरिंग) आणि मागे बॉल बेअरिंग आहे. अ‍ॅटलासच्या बऱ्याच लेथचे गिअर झॅमॅकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. हलक्या कामाला ते पुरतात, फक्त दात नीट तपासून घ्यायचे.

नावापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे लेथ पूर्ण असणं. चेंज गिअरचा संच, फोर जॉ चक (जॉब धरणारा चार जबड्यांचा पंजा), फेसप्लेट (जॉब बांधायची गोल तबकडी), स्टेडी रेस्ट (लांब जॉबचा मधला आधार), टेलस्टॉकचे (उजव्या टोकाच्या आधाराचे) सेंटर हे सगळं लेथबरोबरच आलं तर ठीक. एकेक वस्तू शोधत बसलं तर खर्च लेथच्या किमतीच्या बरोबरीला सहज जातो. लीड स्क्रू (आटे पाडताना टूल पुढे नेणारा लांब स्क्रू) इंची असेल आणि मेट्रिक आटे अचूक पाडायचे असतील, तर 127 दातांचा गिअर आहे का तेही विचारा. एक इंच म्हणजे 25.4 मिमी आणि 127 ही त्याची पाचपट, म्हणून हा आकडा.

बघायला जाताना

टॉर्च, मॅग्नेटिक स्टँडसह डायल इंडिकेटर (बारीक हालचाल दाखवणारं घड्याळ), मायक्रोमीटर, हातभर लांब मजबूत लाकडी दांडी, थोडं रॉकेल आणि चिंध्या एवढं बरोबर असू द्या. ताजा रंग दिसला की माझा हात खिशाकडे जाण्याआधी टॉर्चकडे जातो. मळलेला, तेलकट, काळपट लेथ बहुधा खरं बोलतो. त्याच्यावर तेल पडत होतं हे तरी कळतं.

सुरुवात बेडपासून करा. बहुतेक जॉब आखूड असतात, त्यामुळे चकच्या पुढच्या 15 ते 25 सेंटिमीटरच्या पट्ट्यात बेड सर्वांत जास्त झिजतो. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) जिथवर कधी पोचत नाही तिथे मूळ पृष्ठभाग शाबूत असतो. त्या सीमेवरून नख फिरवा. पायरी नखाला लागली तर झीज चांगलीच आहे. मग कॅरेज (सॅडलसह टूल वाहणारा सगळा भाग) चकजवळ आणून त्याचा लॉक किंचित आवळा, हाताला जेमतेम ओढ जाणवेल इतकाच, आणि कॅरेज टेलस्टॉककडे न्या. अर्ध्यात अडकलं तर चकजवळचा बेड तेवढा खाली गेलेला आहे. मायक्रोमीटरने बेडच्या कडेची जाडी दोन्ही टोकांना मोजली की आकडाच हातात येतो.

पण या झिजेला लोक नको तितके घाबरतात. समजा, टूल नुसतं उभ्या दिशेने 0.1 मिमी खाली गेलं. 25 मिमी व्यासाच्या जॉबवर त्याचा परिणाम एक मायक्रॉनपेक्षाही कमी. खरा त्रास आडव्या सरकण्याचा आहे. व्ही बेडची (व्ही आकाराच्या सरकपट्ट्या असलेल्या बेडची) पुढची व्ही झिजली की सॅडल पुढे कलतं, टूल जॉबपासून दूर जातं, आणि जेवढं दूर जाईल त्याच्या दुप्पट व्यास वाढतो. म्हणून झीज किती यापेक्षा ती कुठल्या बाजूला आहे हे बघा. आखूड जॉब करणाऱ्याला थोडी झीज वर्षानुवर्षं जाणवतसुद्धा नाही.

आता स्पिंडल. डायल इंडिकेटरचा स्टँड हेडस्टॉकवर (स्पिंडल धरणाऱ्या डावीकडच्या भागावर) बसवा आणि टोक चकमागच्या स्पिंडलच्या कॉलरवर टेकवा. स्पिंडलच्या पोकळीत दांडी घालून वर उचला, सोडा. साध्या बेअरिंगमध्ये 0.02 ते 0.03 मिमी हालचाल हवीच, कारण तेवढी जागा तेलाच्या थराला लागते. 0.05 च्या वर गेलं तर शिम (बेअरिंगच्या कॅपखालचे पातळ पत्रे) काढून ते सुधारतं का हे बघावं लागेल. मग डायल स्पिंडलच्या आतल्या टेपरवर लावून हाताने हळू फिरवा. इथे रनआउट (फिरताना पडणारा फरक) 0.01 मिमीच्या आसपास असेल तर निश्चिंत व्हा. थ्री जॉ चकवर डायल लावून लेथला नावं ठेवू नका; जुन्या चकमध्ये 0.1 मिमी फरक निघणं अगदी नेहमीचं आणि चक बदलता येतो.

बॅक गिअरचे, म्हणजे वेग कमी करणाऱ्या गिअरचे, दात एकेक करून बघा. तिथे दात तुटण्याचं एक ठरलेलं कारण आहे: अडकलेला चक काढण्यासाठी कोणीतरी बॅक गिअर लावून आणि बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची) पिनही आत ठेवून स्पिंडल जाम केला आणि चकला हिसका दिला. पितळेने भरून घासलेले दात दिसले तर ती दुरुस्ती चालू शकते, पण भाव त्याप्रमाणे खाली आला पाहिजे. हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारे दोन अर्धे नट) लावून कॅरेज पुढेमागे ढकला. बराच खेळ असेल तर हाफ नट झिजलेले. क्रॉस स्लाइडच्या हँडलचा मोकळा फेरा मात्र मनावर घेऊ नका. तो नट बदलणं सोपं आहे. तडे शोधताना एप्रन (कॅरेजचा पुढचा भाग), टेलस्टॉकचा पाया आणि बेडचे पाय विसरू नका. तडा गेलेलं ओतीव दिसलं की मी तरी परत फिरतो.

घरी आणणं

छोटा मायफर्ड दोघांनी उचलता येईल असं वाटतं, पण बेत सुटा करून आणण्याचाच ठेवा. नऊ इंची साउथ बेंड स्टँड आणि मोटरसह दीड-दोनशे किलोच्या घरात जातो. लेथचं सगळं वजन वर आणि हेडस्टॉकच्या बाजूला असतं, त्यामुळे तो कलंडतो, आणि कलंडताना पकडायला जाणाऱ्याचा हात जातो. टेलस्टॉक आणि कॅरेज पार उजवीकडे सरकवून लॉक करा. तेवढाच तोल सावरतो. पट्टा बेडखालून घाला. लीड स्क्रू किंवा फीड रॉडखालून पट्टा गेला की दांडी वाकली म्हणून समजा. जमिनीवर पहार आणि पाइपचे तुकडे ही जुनी युक्ती अजून सर्वांत भरवशाची आहे.

उघडण्याआधी चालवा

गंजाने जाम झालेला नसेल तर लेथला तेल घाला, हाताने फिरवून बघा, आणि कमी वेगावर चालू करा. दहा मिनिटं चालल्यावर बेअरिंगच्या कॅपवर हात ठेवा. कोमट ठीक, हात टेकवत नसेल तर बंद करा. शक्य असेल तर एक कट घ्या. पृष्ठभाग कसा येतो, थरथर होते का, टेपर किती पडतो हे लिहून ठेवा. पुढे काय बिघडलं आणि काय सुधारलं हे या कागदाशिवाय कळणार नाही. बऱ्याचदा याच टप्प्यावर लक्षात येतं की गिब (स्लाइडमधला खेळ काढणारी पट्टी) आवळणं, तेलाच्या वाती बदलणं आणि एखादं बुश एवढंच काम आहे.

उघडणी

एका वेळी एकच भाग: आधी कंपाउंड (टूलखालची छोटी वरची स्लाइड), मग क्रॉस स्लाइड, मग एप्रन. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, आणि पाना लावण्याआधी फोटो. वॉशर कोणत्या बाजूला होता हा प्रश्न दोन महिन्यांनी पडणारच आहे.

पाने योग्य मापाचेच वापरा. अमेरिकन लेथवर इंची नट, जुन्या ब्रिटिश लेथवर व्हिटवर्थ, बीएसएफ किंवा बीए ही ब्रिटिश मापं. त्यांवर मेट्रिक पाना बसल्यासारखा वाटतो आणि कोपरे गोल करून निघतो. टेपर पिन नेहमी बारीक टोकाकडून ठोकायच्या. उतार फार कमी असतो, इंचीत 1:48 आणि मेट्रिकमध्ये 1:50, त्यामुळे बारीक बाजू कोणती हे डोळ्याला कळत नाही. दोन्ही टोकं कॅलिपरने मोजा. क्रॉस स्लाइडच्या स्क्रूचे आटे बहुतेक वेळा डावे असतात, म्हणजे हँडल उजवीकडे फिरवलं की टूल पुढे जातं. नवा नट करून घेताना हे सांगायचं राहिलं तर नट फुकट.

अडकलेला चक हा वेगळाच विषय. आट्यांवर मुरणारं तेल सोडा, एक दिवस थांबा. मग चकमध्ये जाड षटकोनी दांडी घट्ट धरा, स्पिंडल पुलीवर पट्टा आवळून धरून ठेवा, आणि दांडीवर लांब पाना लावून हातोडीचा कोरडा ठोका द्या. सतत जोर लावण्यापेक्षा असा झटका जास्त काम करतो. अजूनही हलला नाही तर चकच्या मागच्या प्लेटला थोडी ऊब द्या. बॅक गिअरला या कामात घेऊ नका, वर सांगितलंच आहे.

जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडा घासायचा नाही, ग्राइंडरची तारेची चाकी तर नाहीच. रंग काढायचं रसायन लावा, ओला असतानाच खरवडा, मास्क लावा आणि तो कचरा मुलांच्या, जनावरांच्या वाटेत येऊ देऊ नका.

गंज

बेड आणि स्लाइडच्या सरकपट्ट्यांवर एमरी पेपर चालवायचा नाही. त्याचे कण ओतीव लोखंडात रुततात आणि पुढची कित्येक वर्षं लॅपिंग करत, म्हणजे पट्ट्या घासत, बसतात. रॉकेल टाकून दाढीच्या ब्लेडने, ब्लेड जवळजवळ आडवं धरून, गंज खरवडा. वरचा तपकिरी थर निघून खालचा राखाडी डाग राहिला तर राहू द्या. तो मापाला काही करत नाही.

लहान, गंजलेल्या लोखंडी भागांना विजेची पद्धत उत्तम. प्लॅस्टिकच्या बादलीत दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. 12 व्होल्टच्या चार्जरची निगेटिव्ह वायर भागाला, पॉझिटिव्ह वायर साध्या लोखंडाच्या पत्र्याला. भाग आणि पत्रा एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. पत्रा स्टेनलेसचा नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करा आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करा. झॅमॅकचे गिअर, अ‍ॅल्युमिनियमचे भाग आणि स्प्रिंग या बादलीत जाणार नाहीत. पहिल्या दोघांना सोडा खातो आणि स्प्रिंग हायड्रोजनमुळे ठिसूळ होते. भाग बाहेर काढला की लगेच धुवा, सुकवा आणि तेल लावा. पाच मिनिटं उशीर झाला तरी नारिंगी छटा चढते.

स्पिंडल आणि तेल

स्पिंडल नीट चालत असेल तर काढूच नका. काढावा लागला तर शिमचा प्रत्येक थर कोणत्या बाजूचा, किती जाड, हे लिहा. खेळ कमी करायचा असेल तर कॅपच्या दोन्ही बाजूंनी सारखी जाडी कमी करा, तीही मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत, आणि दर वेळी दांडीने उचलून डायल वाचा. स्पिंडल हाताने मोकळा फिरला पाहिजे. खेळ अगदी शून्यावर आणलात तर तेलाला जागा उरत नाही आणि बेअरिंग जळतं.

साउथ बेंडसारख्या लेथमध्ये बेअरिंगखाली तेलाची टाकी आणि स्प्रिंगवर बसवलेली फेल्टची वात असते. जुनी वात काळ्या चिकटाने दगडासारखी झालेली निघते. ती बदलाच, स्वस्त काम आहे. नवी वात बसवल्यावर ती स्प्रिंगने वर येऊन बोअरमध्ये डोकावते. तशीच ठेवून स्पिंडल आत सरकवला की वात कापली जाते. म्हणून वात खाली दाबायची, बाहेरच्या तेलाच्या भोकातून पातळ तार घालून तिला अडकवायचं, स्पिंडल जागेवर बसला की तार ओढून घ्यायची. वात वर येऊन स्पिंडलला टेकल्याचं बोटाला जाणवतं.

स्पिंडलला पातळ तेल, साउथ बेंडला व्हीजी 22 (व्हीजी म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा) आणि मायफर्डला व्हीजी 32. बेड आणि स्लाइडला व्हीजी 68 चं स्लाइडवे तेल. गाडीचं इंजिन ऑइल नको. त्यातलं डिटर्जंट कचरा तेलात तरंगत ठेवतं, गाडीत तो फिल्टरमध्ये अडकतो, आणि लेथला फिल्टर नसतो. तेलाच्या कपात ग्रीस भरलेलं आढळलं तर सगळं काढून भोकं तारेने साफ करा. जुने लेथ मरतात ते बहुधा याच ग्रीसने.

स्लाइड आणि टेलस्टॉक

गिब स्क्रू एकेक करून आवळायचे: स्लाइड पूर्ण लांबीभर फिरवताना हाताला सारखी ओढ लागेल इतपत. मधे सैल आणि टोकांना घट्ट होत असेल तर झीज मधे आहे; टोकांच्या हिशोबाने लावा. बेड स्क्रेप करणं, म्हणजे हाताने खरवडून सपाट करणं, हे घरी शिकता येण्यासारखं कौशल्य आहे, पण पहिला प्रयोग बेडवर करू नये. खात्रीचा सरफेस प्लेट (अचूक सपाट तक्ता) आणि स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) नसेल तर स्क्रेपर हातातच घेऊ नका.

टेलस्टॉक झिजून खाली बसतो. तो किती खाली गेला हे सेंटरमध्ये लावलेल्या दांडीवर डायल फिरवून मोजा आणि तेवढा शिम पाया आणि वरच्या भागाच्या मध्ये घाला.

मोटर आणि वीज

अर्धा ते पाऊण हॉर्सपॉवर या आकाराला पुरे. तीन फेजची मोटर असेल तर घरच्या एका फेजवर व्हीएफडी (एका फेजपासून तीन फेज देणारं, वेग बदलणारं उपकरण) लावून चालवता येते. नेमप्लेटवर 230/400 व्होल्ट असेल तर जोडणी डेल्टा (त्रिकोणी) करायची. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच घालायचा नाही, बंद-चालू व्हीएफडीलाच सांगायचं. अर्थिंग पक्कं हवं आणि वीज जाऊन आल्यावर आपोआप सुरू न होणारा स्विच हवा. चक आट्यांवर बसणारा असेल तर उलटा फिरवून कट घेऊ नका, चक सुटून अंगावर येतो. पट्ट्यावरचं कव्हर परत बसवा. हातमोजे घालून लेथजवळ जायचं नाही, आणि चकची चावी एक क्षणही चकमध्ये राहू द्यायची नाही.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तेल पूर्ण निघालं पाहिजे, प्रायमर आणि एनॅमलचे पातळ हात द्या, आट्यांचा तक्ता असलेली पितळी पट्टी झाका. दोन भाग जिथे एकमेकांवर बसतात तिथे रंगाचा थेंबही नको. हेडस्टॉकखाली रंग गेला की स्पिंडल तिरका बसतो.

बसवणी आणि पहिला कट

लेथ पाण्याच्या पातळीत असण्यापेक्षा त्याच्या बेडला पीळ नसणं महत्त्वाचं. 0.02 मिमी प्रति मीटरची लेव्हल बेडवर आडवी ठेवा, आधी चकच्या टोकाला, मग टेलस्टॉकच्या. बुडबुडा दोन्हीकडे सारखा आला पाहिजे. अशी लेव्हल नसली तरी अडत नाही, दोन कॉलरची चाचणी तेच सांगते.

25 मिमीची दांडी चकमध्ये धरा, 150 मिमी बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग थोडा खाली उतरवून दोन्ही टोकांना एकेक कॉलर ठेवा. धारदार एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल लावा. साध्या लोखंडाला मिनिटाला 30 मीटरचा वेग धरला तर 25 मिमी व्यासावर साधारण 380 फेरे होतात, म्हणजे साध्या बेअरिंगच्या जुन्या लेथच्या सहज आवाक्यात. क्रॉस स्लाइडला हात न लावता एकाच सेटिंगवर दोन्ही कॉलरवरून अगदी हलका कट घ्या. जाड कट घेतलात तर दांडी वाकते आणि तिचाच टेपर मोजला जातो. मग मायक्रोमीटर. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली पातळ शिम घाला: बेडचं ते टोक मागे कलतं आणि टूल जॉबच्या जवळ येतं. बाहेरची लहान आली तर शिम मागच्या पायाखाली. बोल्ट आवळा, पुन्हा कट, पुन्हा माप. 0.01 मिमीच्या आत आलं की थांबा.

स्टँड आणि फरशी पहिले काही आठवडे बसत राहतात, म्हणून ही दांडी फेकू नका. महिन्याभराने त्याच कॉलरवर पुन्हा एक हलका कट घ्यायचा आहे. लेथ लाकडी बाकावर असेल तर पावसाळा सुरू झाल्यावर एकदा आणि संपल्यावर एकदा.